वेस्टमिन्स्टरच्या महाघड्याळाची यंत्रणा

वेस्टमिन्स्टरचे महाघड्याळ हे लंडन येथील ब्रिटिश संसदभवनाच्या उत्तर टोकावरील मनोऱ्यात बसवलेले यांत्रिक मनोरा-घड्याळ आहे. ते ३१ मे १८५९ रोजी सुरू झाले. मनोऱ्याची उंची सुमारे ९६ मीटर असून २०१२ पासून त्याला एलिझाबेथ टॉवर असे अधिकृत नाव आहे. 'बिग बेन' हे नाव सर्रास घड्याळासाठी वा मनोऱ्यासाठी वापरले जाते. मुळात ते तासाचे टोले देणाऱ्या मोठ्या घंटेचे नाव आहे. वजने, दंतचक्रे, लंबक आणि घंटा यांवर चालणाऱ्या मनोरा-घड्याळांची रचना समजून घेण्यासाठी हे घड्याळ नमुनेदार मानले जाते.

मूळ अडचण

घरातील भिंतीवरचे घड्याळ आणि मनोऱ्यावरील घड्याळ यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्हींत ऊर्जेचा साठा, ती ऊर्जा पोहोचवणारी दंतचक्रमाला, गती मोजून देणारा लंबक आणि वेळ दाखवणारे काटे हे घटक असतात. मात्र मनोऱ्यावरील काटे अनेक मीटर लांब असतात आणि उघड्यावर फिरतात. वारा मिनिट काट्याला कधी पुढे ढकलतो, तर कधी मागे रेटतो. बर्फ साचल्यास काटा जड होतो. थंडीत वंगण घट्ट होते. त्यामुळे दंतचक्रमालेतून लंबकापर्यंत पोहोचणारे बळ सतत कमीजास्त होते. साध्या घड्याळात हे बळ थेट लंबकाला धक्का देत असल्याने त्यातील चढउताराचा परिणाम आंदोलनाच्या विस्तारावर आणि पर्यायाने वेळेवर होतो.

१८३४ मध्ये जुना वेस्टमिन्स्टर राजवाडा आगीत जळाल्यानंतर नवे संसदभवन बांधण्यात आले. त्यातील घड्याळासाठी राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बिडेल एअरी यांनी दोन अटी घातल्या. प्रत्येक तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आत अचूक पडावा आणि घड्याळाच्या कामगिरीची नोंद दिवसातून दोनदा तारायंत्राने ग्रिनिच वेधशाळेला कळवली जावी. वाऱ्यात फिरणाऱ्या प्रचंड काट्यांच्या घड्याळाकडून अशी अपेक्षा करणे तत्कालीन अनेक घड्याळजींना अव्यवहार्य वाटले. या अटी पूर्ण करणारा आराखडा एडमंड बेकेट डेनिसन यांनी तयार केला. ते व्यवसायाने वकील होते. घड्याळशास्त्र हा त्यांचा छंद होता. बांधणीचे काम एडवर्ड जॉन डेंट यांना मिळाले. १८५३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सावत्र पुत्र फ्रेडरिक यांनी १८५४ मध्ये ते पूर्ण केले. मनोरा तयार नसल्याने घड्याळ पुढील काही वर्षे कारखान्यातच राहिले.

सर्वसाधारण रचना

यंत्रणेचे वजन सुमारे ५ टन आहे. ती ओतीव लोखंडाच्या आडव्या, साडेचार मीटरहून अधिक लांब चौकटीवर मांडलेली आहे. या पद्धतीत प्रत्येक आस चौकटीवर स्वतंत्रपणे बसवलेली असल्याने दुरुस्तीसाठी एखादे चक्र काढताना सगळी यंत्रणा उघडावी लागत नाही.

चौकटीवर तीन दंतचक्रमाला शेजारीशेजारी आहेत. पहिली चाल-माला काटे फिरवते व लंबक चालू ठेवते. दुसरी पाव तासाच्या घंटा वाजवते आणि तिसरी तासाचे टोले देते. प्रत्येक मालेला स्वतंत्र वजन असते. एकाच वजनावर सर्व कामे सोपवली, तर जड हातोडा उचलताना चाल-मालेचे बळ कमी पडेल. म्हणून ही विभागणी केलेली असते.

ऊर्जा आणि चावी

प्रत्येक मालेच्या प्रारंभी एक दंडगोल असतो. त्याभोवती गुंडाळलेल्या पोलादी दोराच्या टोकाला वजन टांगलेले असते. गुरुत्वाकर्षणामुळे वजन मनोऱ्याच्या पोकळीत हळूहळू खाली उतरते, दोर उलगडतो आणि दंडगोल फिरून पुढील चक्रांना गती देतो. स्प्रिंग उलगडत जाते तसा तिचा जोर घटतो. खाली येणाऱ्या वजनाचा जोर मात्र जवळजवळ समान राहतो. त्यामुळे मोठ्या घड्याळांत वजनाचीच योजना केली जाते.

वजने पुन्हा वर नेणे म्हणजे घड्याळाला चावी देणे होय. या घड्याळाला आठवड्यातून तीन वेळा चावी दिली जाते. घंटांच्या दोन मालांची वजने फार जड असल्याने ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून विद्युत मोटरने उचलली जातात. चाल-मालेची चावी मात्र हाताने देण्याची प्रथा कायम आहे. चावी देताना दंडगोल उलट फिरत असल्याने मालेला बळ मिळणे थांबेल व घड्याळ मागे पडेल. ते टाळण्यासाठी तेवढ्या वेळेपुरते बळ पुरवणारी एक पूरक योजना यंत्रणेत असते.

लंबक

लंबकाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास २ सेकंद, म्हणजे पूर्ण आंदोलनाला ४ सेकंद लागतात. आंदोलनकाल लंबकाच्या परिणामी लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ४ सेकंदांसाठी ही लांबी ३.९७ मीटर येते. टांगण्याच्या पट्टीपासून खालच्या टोकापर्यंत लंबक सुमारे ४.४ मीटर लांब असून त्याचे एकूण वजन सुमारे ३१० किलोग्रॅम आहे. एवढ्या जड लंबकावर हवेच्या झुळुकीचा किंवा बारीक कंपनांचा परिणाम नगण्य होतो.

तापमानातील बदल हा लंबकाचा मुख्य शत्रू होय. लोखंडी दांडा तापल्यावर लांबतो, लंबक संथ होतो आणि घड्याळ मागे पडते. केवळ लोखंडी दांडा वापरल्यास तापमानातील १० अंश सेल्सियसच्या वाढीने दिवसाला सुमारे ५ सेकंदांचा फरक पडेल, म्हणजे एअरी यांची अट पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल. यावर उपाय म्हणून दांड्यात लोखंड व जस्त यांच्या एकात एक बसणाऱ्या नळ्या योजल्या आहेत. लोखंडी भाग खालच्या दिशेने वाढतो. त्याच्या तळाशी टेकलेली जस्ताची नळी वरच्या दिशेने वाढते. जस्ताचे प्रसरण लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने कमी लांबीची जस्ताची नळीही लोखंडाची वाढ भरून काढते आणि लंबकाचा गुरुत्वमध्य जागच्या जागी राहतो.

उरलेली बारीक दुरुस्ती नाण्यांनी केली जाते. लंबकावर काही अंतर वर एक लहान बैठक असून तिच्यावर जुनी ब्रिटिश पेनी नाणी ठेवलेली असतात. एक नाणे वाढवल्याने गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो, परिणामी लांबी कमी होते आणि घड्याळ दिवसाला सुमारे ०.४ सेकंद पुढे जाऊ लागते. नाणे काढल्यास उलट परिणाम होतो. यासाठी लंबक थांबवावा लागत नाही.

गुरुत्व एस्केपमेंट

दंतचक्रमालेला मोकळे सोडले, तर वजन काही वेळातच तळाला जाईल. तिला ठरावीक अंतराने अडवणारी व सोडणारी आणि त्याच वेळी लंबकाला लहानसा धक्का देऊन त्याचे आंदोलन टिकवणारी योजना म्हणजे एस्केपमेंट होय. डेनिसन यांनी या घड्याळासाठी योजलेली 'दुहेरी त्रिपाद गुरुत्व एस्केपमेंट' हा त्याच्या अचूकतेचा गाभा आहे.

लंबकाच्या दोन्ही बाजूंना एकेक हलका बाहू टांगलेला असतो. त्यांच्यामधील आसावर तीन-तीन लांब पायांच्या दोन चकत्या असून दोहोंच्या मध्ये उचलण्यासाठी तीन खुंट्या असतात. एका चकतीचे पाय डाव्या बाहूवरील अडथळ्यावर व दुसरीचे उजव्या बाहूवरील अडथळ्यावर टेकतात. क्रिया पुढीलप्रमाणे घडते :

१. डावा बाहू खुंटीने उचलून धरलेला असतो आणि त्याच्या अडथळ्यावर पाय टेकल्याने संपूर्ण माला थांबलेली असते.
२. लंबक डावीकडे झुलताना आंदोलनाच्या शेवटी या बाहूला किंचित बाहेर ढकलतो. अडथळा सरकतो आणि पाय मोकळा होतो.
३. आस ६० अंश फिरतो. त्याची एक खुंटी उजवा बाहू ठरावीक उंचीपर्यंत उचलते आणि दुसऱ्या चकतीचा पाय उजव्या अडथळ्यावर येऊन थांबतो.
४. लंबक परत फिरतो. डावा बाहू त्याला टेकून आपल्या वजनाने खाली येतो. लंबकाने त्याला जेथे उचलले होते त्याहून तो थोडा अधिक खाली उतरतो. या जास्तीच्या उतरणीतून लंबकाला धक्का मिळतो.
५. उजवीकडे हीच क्रिया होते आणि चक्र पुढे चालू राहते.

या रचनेत दंतचक्रमाला लंबकाला थेट धक्का देत नाही. ती फक्त बाहू उचलून ठेवते. लंबकाला ढकलण्याचे काम बाहूच्या वजनाकडे असते. बाहूचे वजन आणि तो उतरण्याचे अंतर ही दोन्ही न बदलणारी आहेत. मालेने बाहू जोराने उचलला काय किंवा हळू उचलला काय, लंबकाला मिळणारा धक्का तेवढाच राहतो. काट्यांवर वाऱ्याचा कितीही दाब आला, तरी त्याची खबर लंबकापर्यंत पोहोचत नाही. पाय लांब ठेवल्याने अडथळ्यावरील दाब व घर्षणही अल्प राहते. आस झटक्याने फिरून पाय अडथळ्यावरून घसरू नये यासाठी त्याच आसावर पंखा बसवलेला आहे. हवेच्या विरोधामुळे त्याची गती आवरली जाते. पुढे मोठ्या मनोरा-घड्याळांत ही रचना मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली.

काटे आणि तबकड्या

मनोऱ्याच्या चार बाजूंना सुमारे ७ मीटर व्यासाच्या चार तबकड्या आहेत. एकाच यंत्रणेतून निघालेली गती दांडे व तिरकस दात्यांची चक्रे यांच्या साहाय्याने चारही तबकड्यांकडे वळवलेली असल्याने सर्व काटे एकाच वेळी पुढे सरकतात. प्रत्येक तबकडीमागे मिनिट काट्याची गती बारा पटींनी कमी करून तास काट्याला देणारी चक्रे असतात. लंबकाच्या प्रत्येक झोक्यासरशी, म्हणजे दर २ सेकंदांनी, मिनिट काट्याचे टोक सुमारे एक सेंटिमीटर पुढे जाते.

मिनिट काटा मागील शेपटीसह ४.२ मीटर, तर तास काटा २.७ मीटर लांब आहे. आरंभी बसवलेले ओतीव लोखंडाचे मिनिट काटे फार जड ठरले. त्यांच्या जागी तांब्याच्या पत्र्याचे पोकळ काटे बसवण्यात आले. काट्याच्या मागील बाजूस समतोल वजन असते. ते नसते, तर काटा खाली येताना मालेला ओढत गेला असता आणि वर चढताना तिला जड झाला असता.

घंटा आणि टोले

चाल-माला घंटा स्वतः वाजवत नाही. ठरलेल्या क्षणी ती घंटांच्या मालांची खिट्टी सोडते. मोकळ्या झालेल्या मालेतील कॅम तरफांना दाबतात, तारांद्वारे हातोडे उचलले जातात आणि आपल्या वजनाने घंटेवर पडतात. पाव तासाच्या चार घंटांवर पहिल्या पाव तासाला ४, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला १२ आणि तास पूर्ण होताना १६ स्वर वाजतात. ही सुरावट केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चमधील घड्याळावरून घेतलेली आहे. पूर्ण तासाची सुरावट थोडी आधी सुरू होते. नेमका तास मोठ्या घंटेच्या पहिल्या टोल्याने दर्शवला जातो.

टोल्यांच्या मालेलाही पंखा असतो. तो नसल्यास खाली जाणाऱ्या वजनाचा वेग वाढत जाईल आणि टोल्यांमधील अंतर कमी होत जाईल. मोठ्या घंटेचे वजन सुमारे १३.७ टन आहे. डेनिसन यांनी कारागिरांनी सुचवलेल्यापेक्षा बराच जड हातोडा वापरल्याने सप्टेंबर १८५९ मध्ये तिला तडा गेला. नंतर घंटा थोडी फिरवून आणि हातोडा हलका करून ती पुन्हा वापरात आणली गेली. तो तडा आजही कायम आहे.

१९७६ चा बिघाड

५ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे पाव तासाच्या मालेतील पंख्याचा आस धातूच्या थकव्यामुळे तुटला. गती आवरणारा भागच निकामी झाल्याने जड वजन अनिर्बंध खाली गेले, माला अतिवेगाने फिरली आणि तिचे तुकडे घड्याळाच्या खोलीभर उडाले. शंभराहून अधिक वर्षे असंख्य वेळा भार सोसलेल्या आसात हळूहळू वाढलेली चीर बाहेरून दिसत नव्हती. दुरुस्तीनंतर ९ मे १९७७ रोजी घड्याळ पूर्ववत कार्यान्वित झाले. वजनात साठलेली ऊर्जा किती मोठी असते आणि साधा वाटणारा पंखा किती महत्त्वाचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले. २०१७ ते २०२२ या काळातील जीर्णोद्धारात यंत्रणा उतरवून तिचे भाग स्वच्छ करण्यात आले व पुन्हा बसवण्यात आले.

भारतातील मनोरा-घड्याळे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अमलाखालील अनेक शहरांत अशी घड्याळे उभारली गेली. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसरातील राजाबाई टॉवर हे महाराष्ट्रातील त्यांचे सर्वपरिचित उदाहरण आहे. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये सुरू झालेले या मनोऱ्याचे काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. खिशात घड्याळ नसलेल्यांसाठी अशा घड्याळांची तबकडी आणि टोले हीच शहराची वेळ असे. म्हणूनच त्यांच्या अचूकतेला सार्वजनिक महत्त्व होते.