भांग, गांजा, चरस : झाड एक, रूपे तीन

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हा प्रश्न आला. तुंगारेश्वरच्या यात्रेहून आलेल्या मुलांच्या गप्पा चालल्या होत्या. त्यांतल्या एकाने उभे राहून विचारले, "सर, भांग शंकराची म्हणतात, मग गांजा सापडला की पोलीस का पकडतात? दोन्ही एकाच झाडाचे ना?" वर्गात खसखस पिकली. "खाली बस" म्हणून विषय मिटवता आला असता. पण प्रश्न अगदी योग्य होता. वसई-विरार परिसरात गांजा पकडल्याच्या बातम्या मुले वाचतात, नाक्यावरच्या गप्पाही ऐकतात. आपण बोललो नाही तर दुसरे कोणीतरी बोलेल, आणि तो विकणाराही असू शकेल. म्हणून शिक्षकाला या विषयाची नेमकी माहिती हवी.

वसईशी जुना संबंध

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हा ग्रंथ संवादांच्या रूपात आहे आणि त्यातला एक संवाद भांगेवर आहे. त्यात तो बहादूरशहाची एक गोष्ट सांगतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा इराणला जावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो, असे सुलतान म्हणत असे.

दोरखंडांसाठी युरोपात लावतात ती हेंप आणि ही भांग एकच का, असा प्रश्नही ओर्ताला पडला होता. त्याने दोन्ही वेगळ्या ठरवल्या. लिनियसने १७५३ मध्ये युरोपातील झाडाला 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले. लामार्कने १७८५ मध्ये भारतीय झाड वेगळे मानून त्याला 'कॅनाबिस इंडिका' म्हटले. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ ही एकाच जातीची, फार बदलती रूपे मानतात. धाग्यासाठी निवडलेल्या वाणांत मादक द्रव्य अत्यल्प असते आणि नशेसाठी निवडलेल्या वाणांत भरपूर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपले शेतकरी हिरवळीच्या खतासाठी ज्या तागाची पेरणी करतात, त्याला इंग्रजीत 'सन हेंप' आणि जुन्या व्यापारात 'बॉम्बे हेंप' म्हणत. हा ताग शेंगा धरणाऱ्या कुळातला आहे. नावात हेंप असले तरी भांगेशी त्याचे नाते नाही.

नर झाड, मादी झाड

आपल्या भागात ताडगोळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. ताडाची नर झाडे वेगळी आणि मादी वेगळी. ताडगोळे फक्त मादीला धरतात. भांगेचे झाडही बहुधा असेच एकलिंगी असते. वाऱ्याबरोबर नर फुलांतले पराग मादी फुलांवर जातात आणि बी धरते.

मादी फुलांना वेढणाऱ्या बारीक पानांवर सूक्ष्म, टाचणीच्या डोक्यासारखे केस असतात. त्यांच्या टोकांतील ग्रंथी चिकट राळ तयार करतात आणि मादक द्रव्य याच राळेत असते. हे केस फुलोऱ्यावर सर्वांत दाट, मोठ्या पानांवर विरळ, तर मुळांवर मुळीच नसतात. तिन्ही रूपांमधला फरक झाडाचा कोणता भाग घेतला यावरूनच पडतो.

भांग म्हणजे झाडाची पाने. ती वाटून दुधात, गोळीत किंवा मिठाईत मिसळून खातात अथवा पितात. ओर्तानेही साखर व मसाले घातलेल्या माजुमाचे वर्णन केले आहे.

गांजा म्हणजे मादी झाडाचा राळेने चिकट झालेला फुलोरा. परागण होऊन बी धरले की राळ कमी होते. म्हणून गांजा पिकवणारे नर झाडे फुलण्याआधीच उपटून टाकत. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सरकारी परवान्याने गांज्याची शेती होत असे. गांजा चिलमीत ओढतात.

चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली नुसती राळ. ती हिमालयाच्या थंड भागांत काढली जाते. ब्रिटिश काळात मध्य आशियातील यार्कंदहून लेहमार्गे ती पंजाबात येत असे. अरब देशांत आणि युरोपात तिलाच हशिश म्हणतात.

मादक द्रव्याचे प्रमाण वाण, हवामान व साठवण यांनुसार खूप बदलते. पण ढोबळ क्रम ठरलेला आहे : पानांत थोडे, फुलोऱ्यात जास्त, राळेत सर्वांत जास्त. अलीकडे परदेशांत बंदिस्त खोल्यांत वाढवलेला, निवडक वाणाचा 'हायड्रो' गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला गेला आहे. त्यातील प्रमाण जुन्या गांज्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. "आजोबाही ओढत असत" हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

एक रेणू, दोन वाटा

हे मादक द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. इस्राएलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. झाडात ते बहुतांशी आम्लरूपात असते, आणि हे आम्ल फारशी नशा आणत नाही. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइडचा रेणू निसटतो आणि टीएचसी उरते. चिलमीत ही क्रिया क्षणात घडते.

टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेदात विरघळते. ते शरीरातील चरबीत साठून राहते, त्यामुळे वारंवार सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष अनेक दिवस सापडू शकतात.

ओढलेला धूर फुप्फुसांतून काही मिनिटांतच मेंदूपर्यंत पोहोचतो. पोटात गेलेल्या भांगेला मात्र अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात टीएचसीचे आणखी एका मादक संयुगात रूपांतर होते. म्हणून "काहीच होत नाही" असे वाटून माणूस आणखी भांग घेतो आणि मग एकदम घाबरा होतो, छाती धडधडते, भास होतात. भांग सौम्य असते, म्हणजे तिचा धोका नसतो असे नव्हे.

मेंदूतला आनंद

हा परकी रेणू मेंदूत नेमका कुठे बसतो, याचे उत्तर १९८८ नंतर मिळाले. मेंदूच्या पेशींवर त्याला सामावणारा ग्राही आढळला. मग निसर्गाने तो कशासाठी ठेवला असेल? मेशुलम यांच्या गटाने १९९२ मध्ये मेंदूतच तयार होणारा एक रेणू शोधला. तो याच ग्राहीवर बसतो. संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले.

आनंदामाइड गरजेपुरते तयार होते आणि लवकर मोडते. टीएचसी मात्र रेंगाळते. हे ग्राही स्मरण, तोल आणि वेळेचे भान सांभाळणाऱ्या भागांत दाट असतात. म्हणून नशेत नुकतेच बोललेले विसरते, पाऊल चुकते आणि पाच मिनिटे तासासारखी वाटतात. श्वास चालवणाऱ्या भागात ते फार कमी असतात. त्यामुळे अफूच्या कुळातल्या द्रव्यांसारखा श्वास थांबून मृत्यू होण्याचा प्रकार येथे सहसा दिसत नाही. हेही मुलांना खरे खरे सांगावे. अतिशयोक्तीने भीती घातली आणि ती खोटी ठरली, तर पुढचे खरे इशारेही मुले ऐकत नाहीत.

खरा इशारा वयाचा आहे. विचार आणि संयम सांभाळणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. किशोरवयात नियमित सेवन करणाऱ्यांत स्मरणशक्ती व अभ्यास यांवर परिणाम दिसतो. मनोविकाराचा धोका वाढतो, विशेषतः घराण्यात तसा आजार असेल तर. व्यसन जडण्याची शक्यताही मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांपेक्षा अधिक असते.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने शेकडो साक्षी घेऊन संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवली होती. स्वतंत्र भारतात १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. त्यात चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे येतात. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया मात्र गांज्याच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग केंद्राच्या व्याख्येबाहेर राहिली ती यामुळे. म्हणून ती सर्वत्र मोकळी आहे असे नाही. तिचे नियमन राज्ये करतात, आणि महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली येते.

या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण धरतात, तर चरसाची मर्यादा फक्त १०० ग्रॅम आहे. राळ तीव्र असते, हे वनस्पतिशास्त्र या आकड्यांतही उतरले आहे. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. पालक घाबरून गोष्ट लपवतात तेव्हा शिक्षकाने त्यांना हे जरूर सांगावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

वर्गात करून पाहा

तुळशीचे पान आणि टोमॅटोचा कोवळा देठ भिंगाखाली पाहा. टोमॅटोच्या देठावरचे केस सहज दिसतील. बोट चोळताच येणारा वास त्यांच्याच ग्रंथींचा. दोन परीक्षानळ्यांत हळद घ्या. एकीत पाणी व दुसरीत गोडेतेल घालून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. तेल पिवळे होईल. पाण्यात बरीचशी हळद तळाशी बसेल. मेदात विरघळणे म्हणजे काय ते कळेल, आणि त्यासाठी कोणत्याही मादक वस्तूचे नावही घ्यावे लागणार नाही.

त्या मुलाला शेवटी एवढेच सांगितले : झाड एकच, पण कोणता भाग, किती, कोणत्या वाटेने आणि कोणत्या वयात, यावर सारे अवलंबून आहे, आणि तुझ्या वयाला यांतले कोणतेही रूप नको. तो खाली बसला. तास संपल्यावर दुसराच एक मुलगा दाराशी थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, तो १४४४६ नंबर परत सांगाल?"