संगणकांचे श्रमदान

गेल्या दिवाळीत हॅरोच्या आमच्या घरी फराळाला मंडळी जमली असताना माडीवरच्या छोट्या खोलीतून सारखी घरघर ऐकू येत होती. शेवटी एका काकांनी विचारलेच, "काय रे, घरात गिरणी घातलीस की काय?" वर चार सर्व्हर चालू होते. एका कचेरीने ते मोडीत काढले, तेव्हा मी विकत घेतले होते. ते काय दळतात हे सांगता सांगता फराळ संपला, उत्तर मात्र संपले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या संगणकाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. आपण टंकलेखन करतो तेव्हासुद्धा दोन अक्षरांच्या मध्ये तो रिकामाच असतो. मे १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी 'सेटी ॲट होम' सुरू केले, ते या रिकाम्या वेळासाठीच. दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरींचे तुकडे करून ते घरोघरच्या संगणकांना वाटायचे. संगणकाने सवडीने तुकडा तपासायचा आणि उत्तर परत पाठवायचे. कोणी चूक किंवा लबाडी करू नये म्हणून एकच तुकडा एकाहून अधिक संगणकांना द्यायचा आणि उत्तरे जुळली तरच मान्य करायची. परग्रहावरचे कोणी सापडले नाही आणि मार्च २०२० मध्ये कामाचे वाटप थांबले. पण याच खटाटोपातून 'बॉइंक' ही आज्ञावली जन्मली आणि आज तिच्यावर निरनिराळ्या शास्त्रांचे प्रकल्प चालतात. गावचा रस्ता श्रमदानाने होतो, तसाच हा प्रकार. प्रत्येकाने दोन पाट्या माती उचलायची.

माझे सर्व्हर 'आइन्स्टाइन ॲट होम' या २००५ साली सुरू झालेल्या प्रकल्पासाठी राबतात. वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून येणाऱ्या अतिक्षीण, अखंड गुरुत्वीय लहरी अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळांच्या नोंदींत शोधायच्या, हे त्याचे मुख्य काम. त्या लहरी अजून हाती लागलेल्या नाहीत. पण अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदी चाळताना २०१० साली आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थांच्या संगणकांनी एक नवा पल्सार शोधून दिला. आपल्याला याचे अगत्य असायला आणखी एक कारण आहे. गोंगाटातून अशा लहरी वेचण्याच्या गणितावर पुण्याच्या 'आयुका'तले संजीव धुरंधर १९९० च्या दशकापासून काम करत आले. शिवाय भारतातल्या 'लायगो'ला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे.

आता माझ्या धंद्याचा भाग. घरच्या संगणकावर बॉइंक बसवायला चार बटणे दाबली की झाले. सर्व्हरला बहुधा पडदाच नसतो. दुरून आत शिरायचे, आज्ञावली उतरवायची, प्रकल्पाशी जोडायची, मर्यादा घालायच्या. एकाला अर्धा तास लागतो. वीस असतील तर तेराव्याला हमखास काहीतरी राहते. म्हणून 'अ‍ॅन्सिबल'सारखे साधन वापरतात. त्यात पाककृती लिहावी तशी यादी लिहायची, आणि ते ती प्रत्येक सर्व्हरवर स्वतः अमलात आणते. खुबी अशी, की नीट लिहिलेली कृती 'मीठ घाला' असे सांगत नाही, 'आमटीत एवढे मीठ असावे' असे सांगते. असेल तर हात लावायचा नाही, नसेल तरच घालायचे. त्यामुळे दोन जावांनी पाळीपाळीने मीठ घालून आमटी खारट होण्याची भीती नाही. तीच कृती दहा वेळा चालवा, फळ एकच.

कृतीत चार गोष्टी हव्यातच. पहिली, बॉइंकने स्वतःच्या वेगळ्या खात्यात राहावे, इतरांच्या फायली त्याला दिसू नयेत. दुसरी, प्रकल्पाशी जोडताना मर्यादित चावी वापरावी. ती चोरीला गेली तरी चोराला आपल्या खात्यात शिरता येत नाही. तिसरी, बॉइंक हुकूम ऐकते तो ३१४१६ क्रमांकाचा दरवाजा (पायची आठवण झाली ना?) बाहेरच्यांसाठी बंद असावा. चौथी, सर्व्हरचे स्वतःचे काम वाढले की पाहुण्याने मुकाट्याने थांबावे.

एवढे सगळे करूनही मी फसलो. एका मित्राने आपल्या लहानशा कंपनीचे बारा सर्व्हर शनिवार-रविवारी वापरायला दिले. मी यादी घेतली ती मात्र वीसांची. उरलेले आठ त्याच्या एका ग्राहकाचे होते, त्याच्याकडे फक्त ठेवलेले. शुक्रवारी रात्री बटण दाबले आणि पाच मिनिटांत वीसही कामाला लागले! बिघडले काहीच नाही. पण सोमवारी ग्राहकाच्या माणसाला अनोळखी आज्ञावली दिसली आणि कोणी घुसखोरी केली या शंकेने त्याचा अख्खा दिवस गेला. मी जाऊन माफी मागितली. त्यांनी ती दिली, हे माझे नशीब. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका तंत्रशिक्षण संस्थेच्या संगणक-व्यवस्थापकाने असेच एक काम परवानगीशिवाय संस्थेच्या यंत्रांवर लावले होते. २००१ साली त्याच्यावर फौजदारी खटला झाला. तुरुंग टळला, भरपाई द्यावी लागली.

हाताने काम करत असतो तर तेराव्या सर्व्हरपाशी मी थकून थांबलो असतो आणि 'हा कोणाचा?' असे मनात आले असते. स्वयंचलनाने माझा शीण घालवला, त्याबरोबर तो थांबाही घालवला. आता तो मी कृतीतच घातला आहे. यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे मालकाचे नाव आणि लेखी परवानगीची तारीख नसेल, तर कृती पहिल्याच पायरीवर थांबते. आणि बसवण्याची कृती लिहिण्याआधी मी काढून टाकण्याची लिहितो.

विजेचाही हिशेब करा. एका सर्व्हरने शंभर वॅट जादा ओढले तर वर्षाला ८७६ युनिट होतात. युनिटला २५ पेन्स धरले तर २१९ पौंड. चार सर्व्हरचे पावणेनऊशे! म्हणून माझे फक्त थंडीत चालतात. तेवढीच खोली गरम राहते. श्रमदान झाले तरी भाकरी घरचीच लागते.

हे सारे ऐकून काका खूश झाले. "माझ्या लॅपटॉपवर आत्ताच घालून दे," म्हणाले.

"काका, लॅपटॉप तुमचा की कचेरीचा?"

काकांनी हातातली चकली ताटलीत ठेवली. "कचेरीचा."

"मग आधी विचारून या."