लहान स्वयंपाकघरात जागा कशी करावी?

तुरीची रास झाली की आपल्याकडे घरोघरी एकच अडचण उभी राहते. घर दोन-तीन खणांचे, त्यांतला एक खण स्वयंपाकाचा. त्याच खणात तुरीची पोती येतात, मागाहून ज्वारीची थप्पी लागते. पाण्याच्या घागरी, गॅसची टाकी, वर्षाचे तिखट-मसाले तिथेच, आणि कोपऱ्यात फवारणीचा पंपसुद्धा तिथेच. भाकरी थापणाऱ्या बाईला काठवट मांडण्यापुरती जागा उरते. मग आपण म्हणतो, घर लहान पडते. नीट पाहिले तर दोनच गोष्टी चुकलेल्या असतात. जमीन भरलेली आणि भिंती रिकाम्या. आणि जे तिथे मुळीच असू नये तेही तिथे ठेवलेले.

आपल्या जुन्या माणसांना भिंतीचा उपयोग चांगला ठाऊक होता. जाड मातीच्या भिंतीत देवळ्या असत, त्यांत चिमणी आणि मिठाचे गाडगे राही. दूध-दही शिंक्यावर, मांजराच्या आणि मुंग्यांच्या वाटेबाहेर. धान्याला बळद किंवा घराबाहेरचे पेव. आणि उतरंड! तळाशी मोठा डेरा, त्यावर लहान होत जाणारी मडकी; हातभर जागेत सहा-सात भांडी मावत. उतरंडीत खोट एकच होती. तळचे काढायचे तर वरची सगळी उतरवावी लागत. म्हणून शहाणी बाई रोजचे जिन्नस वर ठेवी आणि क्वचित लागणारे तळाशी.

हाच विचार दूर जर्मनीत एका बाईंनी शास्त्रीय रीतीने केला. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी. १९२६ साली त्यांनी फ्रँकफुर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. रुंदी सहा फुटांहून थोडी जास्त, लांबी सुमारे सव्वाअकरा फूट. पण आखण्यापूर्वी बाईची पावले किती पडतात आणि हात कुठवर जातो याचा हिशेब केला. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी मूठ आणि ओतायला तोंड असलेले लहान ॲल्युमिनियमचे खण भिंतीत ओळीने बसवले. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा केला, कारण त्याला अळी कमी लागते. असे स्वयंपाकघर सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. आपल्याला ओक नको, खर्चही नको. आधी हात पाहावा, मग फळी ठोकावी, एवढा धडा पुरे.

आता आपल्या घरात काय करता येईल ते क्रमाने पाहू.

१. फळ्या उथळ असाव्यात. डब्यांच्या एका ओळीपुरती नऊ-दहा इंच रुंदी बस्स झाली. फळी रुंद केली की मागच्या ओळीतला डबा विसरला जातो आणि त्यात किडे होतात.

२. रोजचे डबे गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली ठेवावेत. सणावाराची भांडी वरच्या फळीवर. जड वस्तू नेहमी खाली.

३. डबे शक्यतो चौकोनी घ्यावेत. गोल डब्यांच्या मध्ये जवळजवळ पाचवा हिस्सा जागा रिकामी राहते. गोडेतेलाचे पत्र्याचे चौकोनी डबे घासून, कडक उन्हात वाळवले की धान्याला उत्तम होतात. औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी घरात वापरू नये.

४. गॅसची टाकी उभी आणि मोकळ्या हवेत ठेवावी. शेगडी तिच्याहून उंच ओट्यावर असावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून जागा वाचवण्यासाठी टाकी बंद कपाटात किंवा खड्ड्यात कोंबू नये. शेगडीच्या वर फळी ठोकू नये.

५. पोती जमिनीवर टेकवू नयेत. खाली लाकडी घडवंची किंवा फळ्या, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. म्हणजे ओल लागत नाही, उंदराचे बीळही दिसते.

६. घरच्या खाण्याच्या तुरीची डाळ लवकर करून घ्यावी. आपल्या भागातील तुरीचा लौकिक मोठा. गुलबर्गा तूर डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण या तुरीला लागणारा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्यातून घरात येतो. त्याला अख्खा दाणा आवडतो, डाळीत तो फारसा वाढत नाही. एक क्विंटल तुरीची डाळ साधारण सत्तर किलोच्या आसपास होते. म्हणजे जागाही वाचली आणि किडीपासून सुटकाही झाली. बियाण्याची तूर तेवढी नीट वाळवून वेगळी ठेवावी.

एक गोष्ट विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो माणसे गेली. २०२१ साली चिंचोळी तालुक्यातही धक्के बसले. म्हणून जिथे माणूस झोपतो त्याच्या डोक्यावर पोती, जाते किंवा पितळी हंडे ठेवू नयेत, आणि मांडणी भिंतीला पक्की करावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका घरी चहाला बसलो असता फळीवर गोडेतेलाची बाटली दिसली. शेजारी अगदी तशीच दुसरी. विचारले तेव्हा कळले, तिच्यात तुरीवर फवारायचे उरलेले औषध आहे. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो. चार वर्षांच्या मुलाला औषध म्हणजे खोकल्याचे औषधच वाटते. अंधारात घाईने बाटली उचलणाऱ्या आजीलाही फरक कळणार नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांचेही तेच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतील ओलाव्याने विषारी वायू सोडते. तो पोटात किंवा श्वासात गेला तर त्यावर उतारा नाही. सरकारने या गोळ्यांचा वापर जाणकारांच्या देखरेखीपुरताच ठेवला आहे. जिथे माणसे राहतात-झोपतात त्या घरात त्या कधीही वापरू नयेत. कुणाच्या पोटात विष गेले तर घरगुती उपाय करीत बसू नये. औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

फवारणीचे औषध त्याच्या मूळ डब्यातच, चिठ्ठीसकट, कुलूप लावलेल्या पेटीत ठेवावे. ही पेटी घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी असावी. पंपही तिथेच.

तेव्हा सुताराला बोलावण्यापूर्वी एक काम करावे. स्वयंपाकघरात उभे राहून, जे पोटात जायचे नाही असे काय काय इथे आहे ते पाहावे आणि आधी ते बाहेर काढावे. पुष्कळ जागा तिथेच मिळेल. मग घरातल्या बाईला विचारावे, फळी कुठे हवी. ती सांगेल तिथे ठोकावी.