आधी फिल्टर, मग स्क्रू

डहाणूला खारी, दमट हवा. तलासरीला महामार्गाची धूळ. म्हणून जुन्या गाडीचा एअर फिल्टर आणि प्लग आधी साफ करा. पावसाळाभर उभी असेल, तर उघड्या अंगणात कार्बोरेटरचा फ्लोट बाउल काढून तळाचे पाणी ओता. पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा ओढते, त्यामुळे किनाऱ्यावर हे टाळू नयेच.

आरएक्स १००चा एअर स्क्रू इंजिन तापवून लावायचा. हलक्या हाताने बंद करा, जोर लावल्यास टोक बिघडते. मग साधारण दीड फेरा उघडा. तिथून पाव-पाव फेरा मागेपुढे करत रेस सर्वाधिक चढते ती जागा पकडा आणि आयडलिंगच्या स्क्रूने रेस उतरवा. एअर स्क्रू आत गेला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. दुसऱ्या गाडीत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर हिशेब उलटा.

थोडी गाडी चालवून प्लग पाहा: तपकिरी उत्तम, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा पडला तर थांबाच, टू-स्ट्रोकचा पिस्टन जॅम होऊ शकतो.

१९८३मध्ये आलेल्या राजदूत ३५०ला दोन कार्बोरेटर आहेत. तिथे दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील असे केबलचे अॅडजस्टर आधी जुळवा.