रद्द कोणी केले?

२०२० च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. आमच्या घरात दोन बॅगा भरून तयार होत्या. अम्मी आणि माझी थोरली बहीण, आपा, मार्चच्या पहिल्या आठवड्यात उमऱ्याला जाणार होत्या. दोघींचे मिळून एक लाख दहा हजार रुपये एजंटाकडे भरलेले होते. अब्बांच्या पेन्शनमधून अम्मीने सहा वर्षे बाजूला काढलेले ते पैसे. २७ फेब्रुवारीला बातमी आली की, कोरोनाच्या साथीमुळे सौदी अरेबियाने बाहेरच्या देशांतून उमऱ्याला येणाऱ्यांचा प्रवेश तूर्त थांबवला आहे. बॅगा तशाच कोपऱ्यात राहिल्या.

चार दिवसांनी एजंटाचा फोन आला. "भाईजान, काळजी करू नका. पैसे कुठे जात नाहीत. फक्त दुकानावर येऊन एका अर्जावर सही करून जा." मी गेलो. अर्ज छापील होता, चार ओळींचा. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, ‘वैयक्तिक कारणामुळे आम्ही हा प्रवास स्वेच्छेने रद्द करीत आहोत.’ मी कविता लिहिणारा माणूस. कायद्यातले मला फारसे कळत नाही, पण शब्दाचे वजन कळते. ‘स्वेच्छेने’ या शब्दापाशी माझे पेन थांबले. अम्मीची इच्छा तर जाण्याची होती!

त्या एका शब्दामागे केवढा हिशेब दडलेला असतो, हे मला पुढच्या वर्षभरात समजले. प्रवास झाला नाही की पैशाचा सगळा वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो. तो रद्द कोणी केला? तुम्ही केला असेल तर रद्द करण्याचे शुल्क कापले जाते, आणि कधी कधी हाती काहीच येत नाही. समोरच्याने केला असेल, किंवा प्रवास होणेच अशक्य झाले असेल, तर सगळी रक्कम मागता येते. सरकारने सरळ मनाई केली तर उत्तर सोपे असते. अडचण होते ती सरकार नुसता ‘सल्ला’ देते तेव्हा.

काश्मीरचे उदाहरण घ्या. २ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने अमरनाथ यात्रेकरूंना आणि पर्यटकांना मुक्काम आवरता घेऊन लवकरात लवकर परतण्याचा सल्ला दिला. पर्यटकांसाठीचा तो सल्ला मागे घेतला गेला १० ऑक्टोबरला. मधल्या काळात श्रीनगरचे विमान उडत असेल आणि प्रवासी घरी बसला असेल, तर रद्द कोणी केले? कंपनी म्हणणार, तुम्ही. प्रवासी म्हणणार, सरकारने. त्या वेळी अनेक विमान कंपन्यांनी रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे शुल्क माफ केले होते. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतरही तसेच झाले. पण ही माफी म्हणजे सवलत असते आणि तिला मुदत असते. ठरावीक तारखेपर्यंतचे प्रवास, ठरावीक तारखेपर्यंत केलेला अर्ज. चार दिवस ‘बघू’ म्हणत बसलेला माणूस मुकतो.

युरोपीय संघात सहलींसाठी वेगळा नियम आहे. मुक्कामाच्या ठिकाणी टाळता न येणारी असाधारण परिस्थिती उद्भवली तर प्रवाशाला शुल्क न भरता सहल रद्द करता येते आणि १४ दिवसांत पैसे परत द्यावे लागतात. आपल्याकडे सहलीच्या करारासाठी असा खास कायदा नाही. पण म्हणून आपण अगदीच निराधार आहोत असेही नाही. १८७२ सालचा करार कायदा आजही लागू आहे. त्याचे कलम ५६ सांगते की, करार झाल्यानंतर ती गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदेशीर झाले तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ सांगते, अशा कराराखाली ज्याने काही घेतले असेल, त्याने ते परत करावे किंवा त्याची भरपाई द्यावी. हे मी घरी समजावून सांगत होतो तेव्हा अम्मी म्हणाली, "अमानत है बेटा, उनकी कमाई नहीं." दीडशे वर्षांचे कलम तिने एका वाक्यात सांगितले.

कोरोनाच्या काळात या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर उत्तरे द्यावी लागली. सौदीच्या हज मंत्र्यांनी ३१ मार्च २०२० लाच हजचे करार करण्याची घाई करू नका, असे आवाहन केले होते. पुढे २३ जून रोजी केंद्र सरकारने भारतातून त्या वर्षी कोणी हजला जाणार नाही, हे जाहीर केले. अर्ज केलेले दोन लाख तेरा हजार लोक होते. त्यांचे भरलेले पैसे कोणतीही कपात न करता थेट बँक खात्यात परत करण्याचे ठरले.

विमानाच्या तिकिटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाप्रमाणे, टाळेबंदीतच काढलेल्या टाळेबंदीतल्या प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे लगेच द्यायचे होते. आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत. ज्या कंपनीला ते शक्य नव्हते, तिने ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी जमा नोंद द्यायची, ती दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभाही होती. तरीही रक्कम उरली तर मुदतीअखेर रोख परत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तिकीट एजंटाकडून काढले असेल तर पैसे एजंटाकडे जाणार आणि त्याने ते प्रवाशाला द्यायचे.

आमचेही घोडे नेमके तिथेच अडले होते. मी त्या अर्जावरची ‘वैयक्तिक कारणामुळे स्वेच्छेने’ ही अक्षरे खोडली, वर लिहिले, ‘सौदी सरकारने प्रवेश थांबवल्यामुळे प्रवास होऊ शकला नाही’, तारीख घातली, सही केली आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवला. एजंट नाराज झाला. म्हणाला, "पुढच्या वर्षी पाठवतो ना!" अम्मीचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. पुढचे वर्ष हे नाणे त्या वयात चालेलच असे नाही. महिने गेले. "विमान कंपनीने पैसे दिले नाहीत," एवढेच उत्तर. शेवटी मी तिकिटाचा क्रमांक घालून कंपनीलाच ईमेल केला. उत्तर आले, तिकिटांची रक्कम जूनमध्येच एजंटाच्या खात्यात जमा केली आहे. ते उत्तर जोडून एजंटाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. जानेवारी २०२१ मध्ये अठ्ठ्याण्णव हजार रुपये आले. कापलेल्या बारा हजारांची मी पावती मागितली. व्हिसाच्या खर्चाची त्याने दाखवली, ती मी मान्य केली.

पत्रानेही काम झाले नसते तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. जुन्या कायद्यात साधारणपणे कंपनी जिथे, तिथे तक्रार करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी कन्नडच्या किंवा पैठणच्या माणसाला छत्रपती संभाजीनगरच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. तेव्हा सरकारी सल्ल्याचे कात्रण, पैसे भरल्याची पावती, अटींचा कागद आणि झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा. प्रवासाचा विमा असेल तर त्यातली वगळलेली कारणे आधी वाचा. आणि ‘स्वेच्छेने’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

डिसेंबर २०२२ मध्ये अम्मी आणि आपा उमरा करून आल्या. या वेळी दुसऱ्या एजंटाकडे आम्ही तिघेही गेलो होतो. तो हॉटेल हरमपासून किती जवळ आहे ते सांगत होता. अम्मीने पिशवीतून पैसे बाहेर काढण्याआधी त्याला थांबवले आणि विचारले, "जाना नहीं हुआ तो?" त्याने जे उत्तर दिले, ते तिने त्याच्याच लेटरहेडवर लिहून घेतले.