सोलापूरची राखीव जागा आणि नेतृत्वाच्या दोन वाटा

सोलापूरच्या २०१९ च्या लोकसभा निवडणुकीची एक बेरीज कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून आहे. भारतीय जनता पक्षाचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य ५,२४,९८५ मते घेऊन निवडून आले. काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदे यांना ३,६६,३७७ मते पडली, वंचित बहुजन आघाडीच्या अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांना १,७०,००७. दोन पराभूतांची बेरीज विजयी उमेदवाराहून अकरा हजारांनी अधिक भरते, आणि मग 'बाळासाहेब उभे राहिले नसते तर' ही चर्चा सुरू होते. या बेरजेच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. दलितांचे, मुसलमानांचे मत हे जणू काँग्रेसचे वतन आहे आणि दुसऱ्या कोणी ते घेतले तर ती चोरी ठरते, असे ते गृहीत. वतनाविरुद्ध लढलेल्या चळवळीने हा हिशेब तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

तपासायचे तर आधी राखीव जागा म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. उमेदवार अनुसूचित जातीचा, पण त्याला निवडणारे सगळे गाव. दलितांचे मत एकगठ्ठा पडले तरी तेवढ्यावर तो निवडून येत नाही आणि त्यांचे एकही मत न पडता तो निवडून येऊ शकतो. या रचनेत दलित नेत्यापुढे दोनच वाटा उरतात. सवर्णांचा भरवसा मिळवून वर जायचे, किंवा आपल्यासारख्याच वगळलेल्या जातींची मोट बांधून बहुमत उभे करायचे. सोलापुरात २०१९ साली या दोन वाटा समोरासमोर आल्या.

शिंदे यांचा जन्म १९४१ चा, सोलापूरचाच, ढोर समाजातला. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतला हा मुलगा सोलापूरच्या न्यायालयात शिपाई झाला, नोकरी करीत शिकला, फौजदार झाला. १९७१ मध्ये त्यांनी पोलिसातली नोकरी सोडली आणि १९७४ साली करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत गेले. त्यांना राजकारणात आणणारे शरद पवार. पुढे पवारांनी १९९९ मध्ये वेगळा पक्ष काढला तेव्हा मात्र शिंदे काँग्रेसमध्येच राहिले.

आंबेडकरांची जडणघडण याच्या उलट टोकाची. जन्म १९५४ चा, मुंबईचा. आजोबा गेले तेव्हा ते अडीच वर्षांचे होते. वडील भय्यासाहेब गेले तेव्हा तेविशीत. शिंदे यांना नाव कमवावे लागले, आंबेडकरांना नाव पेलावे लागले. दोन्ही ओझीच आहेत, आणि दुसरे हलके आहे असे ज्यांना वाटते त्यांनी रिपब्लिकन गटांचा इतिहास एकदा वाचावा. मुंबई सोडून त्यांनी अकोल्यात तळ ठोकला. भारिपला बहुजन महासंघाची जोड दिली, माळी, धनगर, बंजारा अशा समाजांना उमेदवाऱ्या दिल्या. बंजारा समाजाचे मखराम पवार त्यांच्या पक्षाकडून १९९९ च्या सरकारात मंत्री झाले. स्वतः आंबेडकर १९९८ आणि १९९९ मध्ये अकोल्यातून लोकसभेवर गेले. ती जागा राखीव नव्हती.

इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्याच दोन निवडणुकांत शिंदेही सोलापुरातून निवडून आले, आणि तेव्हा सोलापूरही खुला मतदारसंघ होता. जिल्ह्यातली राखीव जागा पंढरपूरची होती. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ पासून ती मोडली आणि सोलापूर राखीव झाले. म्हणजे दोघांनीही आपापल्या वाटेने खुल्या जागा जिंकून दाखवल्या होत्या. आंबेडकरांच्या १९९८ च्या विजयाला काँग्रेसशी झालेल्या समझोत्याचा हात होता, हेही नमूद केले पाहिजे.

शिंदे यांची शैली सामोपचाराची. हसतमुख चेहरा, साहित्य-नाटकांची आवड, साखर कारखानदार मराठा पुढाऱ्यांशी जमवून घेण्याची हातोटी. या शैलीने त्यांना अर्थमंत्री केले, जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री केले, पुढे देशाचे गृहमंत्रीही केले. तिची किंमतही होती. २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदाची हरणारी लढत पक्षाने त्यांच्या पदरात टाकली. २००४ मध्ये त्यांच्या मुख्यमंत्रीपदाच्या काळात आघाडीने विधानसभा जिंकली आणि मुख्यमंत्री झाले विलासराव देशमुख. शिंदे आंध्रात राज्यपाल म्हणून गेले. त्यांनी जाहीर कुरकुर केली नाही. याला निष्ठा म्हणावे की बांधलेपण? माझ्या मते दुसऱ्याच्या घरात मोठे झालेल्या माणसाला हा भेद करण्याची मोकळीकच उरत नाही.

आंबेडकर कोणाचे बांधलेले नाहीत. भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारी २०१८ चा महाराष्ट्र बंद त्यांच्या हाकेवर झाला. २०१९ च्या उमेदवार यादीत प्रत्येक नावापुढे जात छापली तेव्हा सभ्य लोक दचकले. जी गोष्ट सगळे पक्ष दाराआड करतात ती त्यांनी चव्हाट्यावर मांडली, एवढेच. पण या स्वातंत्र्यालाही खोट आहे. निर्णय एका माणसापाशी थांबतो. मित्रपक्ष टिकत नाही: ओवेसींच्या पक्षाशी झालेली युती लोकसभेनंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०१९ मध्ये तुटली. अकोल्यात वर्षानुवर्षे बांधलेली मोट सोलापुरात एका हंगामात बांधायला ते आले होते. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे पद्मशाली, लिंगायत, मोची यांच्या या शहरात त्यांना भरघोस मते मिळाली, विजय मिळाला नाही.

काही जण या लढतीला महार विरुद्ध इतर दलित असे रूप देतात. सोलापूरचा इतिहास त्याला साक्ष देत नाही. १९५२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे देशभरातून दोनच खासदार निवडून आले, त्यांतले पां. ना. राजभोज हे सोलापूरचे. ते जन्माने चांभार. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांना हरवणारे काँग्रेसचे काजरोळकरही चांभारच. दोघांची जात एक, बाजू दोन. पुढे राजभोजही काँग्रेसमध्ये गेले. तेव्हा ओढ जातीची कमी आणि सत्तेच्या रचनेची जास्त आहे.

आणि जिंकले कोण? लिंगायत परंपरेतले एक मठाधिपती, बेडा जंगम या अनुसूचित जातीच्या दाखल्यावर. फेब्रुवारी २०२० मध्ये जात पडताळणी समितीने तो दाखला अवैध ठरवला, वाद उच्च न्यायालयात गेला. चोखोबांचे मंगळवेढे ज्या मतदारसंघात येते, तिथली ही गोष्ट.

आता ती बेरीज पुन्हा पाहू. २०१४ मध्ये वंचित आघाडी जन्मलीही नव्हती, तरी शिंदे सुमारे दीड लाखांनी हरले होते. २०१९ ची तूटही १,५८,६०८ ची. म्हणजे तूट आधीचीच होती. आंबेडकरांनी ती निर्माण केली नाही. २०२४ मध्ये वंचितच्या उमेदवाराने आपला अर्ज मागे घेतला, संविधान बदलण्याची भीती वस्त्यावस्त्यांत पोचलेली होती आणि प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या. त्याच निवडणुकीत आंबेडकर अकोल्यात तिसऱ्या क्रमांकावर राहिले. सोलापूरच्या दलित मतदाराने या खेपेला मत कोणाला द्यायचे ते ठरवले; उमेदवार कोण असावा हे मात्र त्याला कोणत्याच पक्षाने विचारले नव्हते.