एस.टी. आगारातील विद्युत बसचे चार्जिंग : लातूर-नांदेड मार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठवाड्यात रेल्वेचे जाळे विरळ असल्याने सामान्य प्रवाशाचा मुख्य आधार एस.टी. हाच आहे. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही विद्युत बस सुरू झाली. २०२३ मध्ये महामंडळाने ५,१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरविले. गाड्यांच्या संख्येची चर्चा पुष्कळ होते. परंतु आगारात त्यासाठी किती विद्युतभार लागेल, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

ऊर्जा व विद्युतभार :
युनिट म्हणजे टाकीत साठलेले पाणी, तर किलोवॅट म्हणजे ते ज्या वेगाने भरले जाते तो वेग. आगाराचे रोहित्र, केबल व उच्चदाब वीजजोडणी यांचा खर्च प्रामुख्याने दुसऱ्यावर अवलंबून असतो.

लातूर-नांदेड हे अंतर अहमदपूर, लोहा मार्गे सुमारे १४० कि.मी. आहे. बारा मीटर लांबीच्या बसला प्रति कि.मी. १.२ युनिट वीज लागते असे गृहीत धरल्यास एका फेरीस सुमारे १७० युनिट लागतील. एका चार्जिंगमध्ये बस साधारणतः २०० ते २५० कि.मी. धावते. जाऊन-येऊन २८० कि.मी. होत असल्याने दोन्ही टोकांना चार्जिंगची सोय अपरिहार्य ठरते. उन्हाळ्यात वातानुकूलन व बॅटरी थंड ठेवण्यासाठी वीज अधिक लागते, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

समजा, रात्री २० बस आगारात आल्या. त्या १२० किलोवॅटच्या २० चार्जरवर एकाच वेळी लावल्यास २,४०० किलोवॅट भार येईल. तेच काम आठ तासांत क्रमाने केल्यास, चार्जिंगमधील घट धरूनही, सुमारे ४७५ किलोवॅट, म्हणजे एक पंचमांश भार पुरेल. मात्र त्यासाठी रात्री गाड्या हलविणारा चालक व काटेकोर वेळापत्रक हवे, तसेच एखादा चार्जर राखीव हवा.

मुक्कामी गाडीचा प्रश्न :
आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी सकाळी मुक्कामी गाडीने येतात. ही गाडी रात्र खेड्यात काढते. तेथे चार्जर नसतो. अशा गाडीचे चार्जिंग दुपारी आगारातच करावे लागेल. केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतील वीजदर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावयाचा असल्याने हे आर्थिकदृष्ट्याही हितावह आहे.

निष्कर्ष :
चार्जरची संख्या वाढविण्यापूर्वी गाड्यांचे वेळापत्रक व चार्जिंगचे वेळापत्रक एकत्र आखणे आवश्यक आहे. ज्या मुक्कामी फेऱ्यांना दुपारचा अवधी मिळत नाही, तेथे तूर्त डिझेल बस कायम ठेवावी. अन्यथा प्रथम रद्द होईल ती खेड्याची फेरी, आणि तिची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागेल.